नागावचे केरूनाना छत्रे : पदार्थविज्ञान मराठीत शिकवणारा आपल्या किनाऱ्याचा माणूस

नववीचं विज्ञानाचं पुस्तक उघडलं की पहिलाच धडा येतो गतीचे नियम. दहावीच्या पहिल्या भागातला पहिला धडा गुरुत्वाकर्षण. आपल्या मोहल्ल्यातली बरीच मुलं इथेच अडखळतात. घरात कोकणी बोली, मदरशात उर्दू-अरबी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी अशी ओढाताण आधीच असते. त्यात बल, त्वरण, जडत्व, घर्षण हे शब्द समोर आले की मुलं व्याख्या पाठ करतात, पेपरात लिहितात आणि सुट्टीत विसरून जातात. मग अकरावीला सायन्स नको म्हणतात. घरचेही मान डोलवतात. आपल्याला कुठे जमणार, हे वाक्य अम्मी-अब्बांच्या तोंडून किती सहज निघतं, ते आठवून बघा.

खरं तर या धड्यांत जे सांगितलं आहे ते आपल्या दारातच घडत असतं. वाळूवरून होडी ओढताना, वल्हं मारताना, भरतीचं पाणी चढताना रोज हेच नियम चालू असतात. आणि हे सगळं पावणेदोनशे वर्षांपूर्वी मराठी मुलांना मराठीतून शिकवणारा एक मोठा शिक्षक आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर जन्मला होता. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना केरूनाना म्हणायचे. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून त्यांचं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. त्यांची हकिकत आपल्या मुलांना कळावी म्हणून हा लेख.

नागावचा मुलगा

केरूनानांचा जन्म 16 मे 1825 चा. पाळण्यातलं नाव विनायक, पण केरो हेच नाव कायम राहिलं. नागाव हे अलिबागहून चौल-रेवदंड्याकडे जाताना लागणारं गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, मागे समुद्र. त्या वेळी इथे इंग्रजांचा थेट अंमल नव्हता. आंग्र्यांचं कुलाबा संस्थान अजून उभं होतं. पुढे त्याच नावावरून जिल्ह्याला कुलाबा म्हणू लागले आणि 1981 मध्ये, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला.

केरो शिकण्यासाठी लहानपणीच मुंबईला गेला. त्या काळी हा प्रवास म्हणजे समुद्राचा प्रवास. वारा, शीड आणि भरती यांच्या मर्जीवर सगळं. मुंबईत त्याने एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षण घेतलं. तिथे त्याला दोन माणसं भेटली, ज्यांनी त्याचं आयुष्य घडवलं. एक, दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर. ते स्वतः गणित आणि ज्योतिषशास्त्राचे जाणकार. दुसरे प्रोफेसर आर्थर ऑर्लिबार, जे कुलाब्याच्या वेधशाळेचं काम बघत.

इथे एक गोंधळ टाळायला हवा. अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला वेगळा आणि मुंबईचं दक्षिण टोक असलेलं कुलाबा वेगळं. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये वेधशाळा बांधली ती मुंबईच्या कुलाब्यात. सुरुवातीला तिचं काम जहाजांना बरोबर वेळ देणं आणि आकाशाचे वेध घेणं हे होतं. 1841 पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची आणि हवामानाची मोजमापं सुरू झाली. साधारण त्याच सुमारास ऑर्लिबार यांनी केरोला वेधशाळेत कामाला घेतलं. वय असेल पंधरा-सोळा. आज ज्या वयात आपली मुलं दहावीला बसतात, त्या वयात नागावचा हा मुलगा यंत्रांसमोर बसून आकडे टिपत होता.

लोंबकळणारं चुंबक आणि घर्षणाचा पहिला धडा

आपल्या पुष्कळ घरांत जानमाजला लावलेलं किंवा डबीतलं किबला दाखवणारं होकायंत्र असतं. त्याची सुई एका बारीक टोकावर टेकलेली असते. कधी कधी ती भलतीकडेच अडकून बसते. आपण बोटाने टिचकी मारतो आणि सुई हळूच फिरून उत्तरेला येते. का?

पृथ्वीचं चुंबकीय बल सुईला फिरवायला बघत असतं, पण ते फार कमी असतं. सुई जिथे टोकावर टेकते तिथे घर्षण असतं आणि ते फिरायला विरोध करतं. बल घर्षणापेक्षा कमी पडलं की सुई जागची हलत नाही. टिचकी मारली की सुई क्षणभर हलते, टेकू सैल होतो आणि तेवढ्यात बलाचं काम होतं. थांबलेल्या वस्तूला हलवताना जे घर्षण आडवं येतं ते जास्त असतं, वस्तू एकदा सरकू लागली की कमी होतं. पुस्तकात याला स्थितिक घर्षण आणि गतिक घर्षण म्हणतात. टिचकीत हे दोन्ही शब्द येऊन गेले.

घरातल्या होकायंत्राला टिचकी चालते. पण वेधशाळेला पृथ्वीच्या चुंबकत्वात दिवसभरात होणारे इवलेसे बदल टिपायचे असतात. अंशाचा काही भाग सुई इकडेतिकडे होते, तोच बदल महत्त्वाचा. तो घर्षणाने खाऊन टाकला तर वहीत जे लिहू ते खोटं ठरेल. म्हणून अशा वेधशाळांत चुंबक टोकावर टेकवत नाहीत, रेशमाच्या पीळ नसलेल्या धाग्याने हवेत लोंबकळत ठेवतात. टेकूच नाही, म्हणजे घासणंही नाही. धाग्याचा अगदी थोडा पीळ तेवढा विरोध करतो आणि तो मोजता येतो.

रोज ठरलेल्या वेळी यंत्र वाचायचं, आकडा लिहायचा, उद्या पुन्हा तेच. हे काम कंटाळवाणं वाटेल. पण केरूनाना इथे दहा-एक वर्षं राहिले आणि मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय त्यांना इथेच लागली. पुढचं सारं आयुष्य याच सवयीवर चाललं.

पुण्याचा मास्तर

1850 नंतर केरूनाना पुण्याला आले आणि शिक्षक झाले. शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत, पूना कॉलेजात (तेच पुढे डेक्कन कॉलेज झालं) आणि इंजिनिअरिंगच्या कॉलेजातही त्यांनी गणित आणि पदार्थविज्ञान शिकवलं. इंजिनिअरिंग कॉलेजात काही काळ त्यांनी प्रिन्सिपॉलच्या जागेवरही काम पाहिलं. त्यांचं शिक्षण झालं तेव्हा मुंबई विद्यापीठ अस्तित्वातच नव्हतं, ते निघालं 1857 मध्ये. म्हणजे पदवी मिळवायची सोयच नव्हती. तरी ज्यांना पुढे पदव्या मिळाल्या त्यांना शिकवणारे हे प्रोफेसर होते. ज्या मुलांना परिस्थितीमुळे चांगलं कॉलेज मिळत नाही, त्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

शाळेच्या मुलांसाठी केरूनानांनी मराठीत पुस्तकं लिहिली. एक अंकगणितावर आणि एक पदार्थविज्ञानावर. तेव्हा पदार्थविज्ञान हा विषय इंग्रजीतच होता असं म्हटलं तरी चालेल. मराठीत एखाददुसरा प्रयत्न आधी झाला होता, पण रोजच्या शिकवण्यात वापरता येईल अशी भाषा अजून घडायची होती. जडत्व, घर्षण, गुरुत्व असे शब्द आज आपण न अडखळता वापरतो. ते वापरात रुळवण्यासाठी त्या पिढीतल्या शिक्षकांनी मेहनत घेतली, त्यांत केरूनाना पहिल्या रांगेतले.

ते जे नियम शिकवत ते न्यूटनचे. न्यूटनचा मोठा ग्रंथ 1687 चा. हे तीन नियम नागावच्या किनाऱ्यावर उभं राहून समजून घेऊ.

पहिला नियम. वल्हं मारायचं थांबवलं तरी होडी लगेच थांबत नाही, पुढे जातच राहते. चालती वस्तू चालत राहायला बघते, थांबलेली थांबून राहायला बघते. याला जडत्व म्हणतात. होडी शेवटी थांबते कारण पाणी तिला घासतं, अडवतं. काहीच अडवलं नसतं तर ती थांबली नसती. एसटीने अचानक ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो, तेही हेच. इथे मुलांना एक नाव जरूर सांगावं, इब्न सीना. इसवी सन 980 ते 1037 हा त्यांचा काळ. हकीम म्हणून ते प्रसिद्ध, पण फेकलेल्या वस्तूच्या गतीवरही त्यांनी विचार केला होता. विरोध करणारं काही नसेल तर वस्तूत आलेला जोर आपोआप संपणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यूटनच्या नियमापर्यंत पोहोचायला मध्ये सहा-सातशे वर्षं आणि अनेक देशांतल्या अनेक माणसांची मेहनत लागली. इल्म असाच हातोहात पुढे जातो.

दुसरा नियम. चार माणसं रिकामी होडी ढकलतात तेव्हा ती झटकन वेग घेते. तीच होडी मासळीने किंवा वाळूने भरली आणि तेवढाच जोर लावला तर ती सावकाश वेग घेते. जोर तोच, वस्तुमान वाढलं, म्हणून त्वरण कमी. जोर दुप्पट केला तर त्वरण दुप्पट. वहीत आपण बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण असं लिहितो, त्याचा अर्थ एवढाच.

तिसरा नियम. उथळ पाण्यात तांडेल लांब बांबू तळाला टेकवून मागे रेटतो आणि होडी पुढे जाते. तो तळाला मागे ढकलतो, तळ त्याला पुढे ढकलतो. वल्ह्याचंही तसंच. वल्हं पाण्याला मागे लोटतं, पाणी वल्ह्याला पुढे. प्रत्येक ढकलण्याला तेवढंच उलटं ढकलणं असतं, मात्र ते दुसऱ्या वस्तूवर असतं. पेपरात मुलं इथेच चुकतात. दोन बलं सारखी आणि उलटी असली तरी एकमेकांना रद्द करत नाहीत, कारण एक पाण्यावर आहे आणि एक होडीवर.

आता घर्षण. अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीला घोडागाडीतून कुलाबा किल्ल्यात जाता येतं. ओल्या घट्ट वाळूवरून गाडी सहज पळते. कोरड्या भुसभुशीत वाळूत तीच गाडी रुतते आणि घोड्याचा दम निघतो. होडी किनाऱ्यावर चढवताना खाली गोल ओंडके घालतात, फळ्यांना तेल-चरबी लावतात. घासण्याऐवजी गोल फिरणं आलं की विरोध खूप कमी होतो. म्हणून चाक, म्हणून बेअरिंग, म्हणून सायकलच्या साखळीला तेल. पण घर्षण नुसतं शत्रू नाही. किल्ल्याजवळच्या शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवून बघा. घर्षण गेलं की माणूस उभासुद्धा राहू शकत नाही. आपण चालतो ते पायाने जमीन मागे रेटून, आणि ते रेटणं घर्षणामुळेच शक्य होतं. ब्रेक, गाठ, भिंतीतला खिळा, हातात धरलेला पेन, सगळीकडे घर्षणच आपल्याला सांभाळतं.

चाँद, समुद्र आणि एक जुना प्रश्न

केरूनाना फक्त वर्गात शिकवत नसत. मुंबईच्या ज्ञानप्रसारक सभेसाठी त्यांनी हवा, भरती-ओहोटी, कालगणना अशा विषयांवर मराठीत निबंध सादर केले. सूर्यावरच्या डागांचा हवामानाशी काही संबंध आहे का, याचाही त्यांनी अभ्यास केला. नागावच्या माणसाने भरती-ओहोटीवर लिहावं हे साहजिकच वाटतं.

हा प्रश्न आपल्या किनाऱ्याला फार जुना आहे. नागावपासून काही किलोमीटरवर चौल आहे. अरब लोक त्याला सैमूर म्हणत. बगदादचे इतिहासकार आणि प्रवासी अल-मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास, या बंदरात आले होते. इथे मुसलमानांची मोठी वस्ती असल्याचं त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्याच मसूदींनी आपल्या ग्रंथात खंभातच्या भरतीचं वर्णन केलं आणि भरती-ओहोटी कशामुळे होते, चंद्राचा त्यात काय हात आहे, यावर त्या काळच्या विद्वानांची मतं मांडली. संबंध आहे हे दिसत होतं. तो नेमका कसा, हे गुरुत्वाकर्षणाचा नियम कळल्यावर उलगडलं.

चंद्र पृथ्वीला ओढतो. जो भाग चंद्राजवळ, त्याला जास्त ओढ. मधल्या पृथ्वीला त्याहून कमी. पलीकडच्या समुद्राला सगळ्यात कमी. म्हणून पाण्याचा एक फुगवटा चंद्राच्या बाजूला येतो आणि दुसरा बरोबर उलट बाजूला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो, म्हणून दिवसातून दोन भरत्या. तेवढ्या वेळात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते.

सूर्यही समुद्राला ओढतो. तो प्रचंड आहे पण फार लांब, म्हणून भरतीवर त्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांचा जोर एका रेषेत येतो, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं.

आता गंमत बघा. हिजरी महिना चाँदवर चालतो, म्हणून आपल्या घरातलं इस्लामी कॅलेंडर हेच भरतीचंही कॅलेंडर आहे. महिन्याच्या 14-15 तारखेला आणि चाँदरातीच्या आधीच्या एक-दोन दिवसांत उधाण. 7-8 आणि 21-22 च्या आसपास भांग. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. हिजरी तारखेत एक मिळवला की साधारण तिथी मिळते. समजा मोहरमची 7 तारीख आहे. सात आणि एक आठ, आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास एक भरती आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास दुसरी. आशुराला, 10 तारखेला, अकराची पाऊणपट सव्वाआठ. बेरीज 15 च्या पुढे गेली तर त्यातून 15 वजा करायचे आणि मग पाऊणपट. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. किल्ल्यात जायचं असेल तर भरतीचं अधिकृत वेळापत्रकच बघायचं. वेळ चुकवली की पाणी कुणाचं ऐकत नाही. पण रोज 50 मिनिटांचा उशीर आणि जुन्यांचा पाऊण तास हे दोन्ही किती जवळ आहेत, ते मुलांना दाखवा.

आणि घर्षण इथेही आहे. भरतीचं पाणी समुद्राच्या तळाला घासत जातं. या घासण्यामुळे पृथ्वीचं फिरणं अत्यंत हळूहळू मंदावत आहे. दिवस शंभर वर्षांत सेकंदाच्या हजाराव्या भागाने, फार तर दोन भागांनी लांबतो. त्याच कारणाने चंद्र दरवर्षी सुमारे 3.8 सेंटिमीटर आपल्यापासून दूर जातो. होडीच्या तळाला थांबवणारं घर्षण पृथ्वीलाही सोडत नाही.

जुने तक्ते आणि खरं आकाश

केरूनानांचं सगळ्यात धाडसाचं काम पंचांगाचं. त्या वेळी महाराष्ट्रातली पंचांगं बहुतेक ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. तो लिहिला होता गणेश दैवज्ञ यांनी, 1520 च्या सुमारास. आणि हे गणेश दैवज्ञही आपल्याच किनाऱ्याचे, मुरुडच्या अलीकडे असलेल्या नांदगावचे. किचकट गणित सोपं करून मांडण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांच्या काळात आकाशाशी जुळणारे हे तक्ते तीन-साडेतीनशे वर्षांत थोडे थोडे मागे पडले. गणितातली अगदी छोटी चूक दरवर्षी साठत जाते. घड्याळ रोज एक सेकंद चुकलं तर वर्षाअखेर ते सहा मिनिटं चुकलेलं असतं, तसंच हे. पंचांगात ग्रहण एका वेळी आणि आकाशात दुसऱ्या वेळी, असं होऊ लागलं.

केरूनानांनी युरोपातल्या नव्या मोजमापांच्या आधारे ग्रहांची स्थानं काढायचे तक्ते मराठीत तयार केले. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे ते पुस्तक, 1860 चं. पुढे आबासाहेब पटवर्धन यांच्या मदतीने 1865 पासून नवं पंचांग निघू लागलं. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं जातं.

सगळ्यांनी ते मानलं असं नाही. वाद झाले. सणाच्या तारखा बदलतात म्हटल्यावर लोक बिचकणारच. केरूनाना धर्म सोडा असं सांगत नव्हते. त्यांचं म्हणणं साधं होतं. पूर्वजांनीही आकाश बघूनच तक्ते केले, मग आपणही आकाश बघून ते दुरुस्त केले पाहिजेत. नांदगावच्या माणसाचा आदर राखून नागावच्या माणसाने त्याची बेरीज पुन्हा तपासली. विद्येत आदर असाच दाखवायचा असतो. आपल्याकडेही बगदाद, समरकंदच्या वेधशाळांत बसलेल्या विद्वानांनी ग्रीकांचे तक्ते मान देऊन वाचले आणि मग स्वतः आकाश मोजून सुधारले. दोन्हीकडची वाट एकच.

शिष्य, शेवट आणि एक परतीचा प्रवास

डेक्कन कॉलेजात केरूनानांच्या हाताखाली बाळ गंगाधर टिळक शिकले. गणितावरचं आणि ज्योतिषावरचं टिळकांचं प्रेम पुढे आयुष्यभर टिकलं, पंचांगाच्या दुरुस्तीत त्यांनीही लक्ष घातलं. त्यामागे या गुरूचा हात होता. 1877 मध्ये सरकारने केरूनानांना रावबहादूर ही पदवी दिली. 1879 मध्ये ते निवृत्त झाले आणि 19 मार्च 1884 रोजी त्यांचं निधन झालं. वय 58.

त्यांच्यानंतर वीस वर्षांनी एक गोष्ट घडली. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकीय बल तयार होतं. ट्राम धावू लागल्या की कुलाब्याच्या वेधशाळेत धाग्याला टांगलेलं चुंबक पृथ्वीऐवजी ट्रामचं ऐकू लागेल, हा धोका होता. वेधशाळेचे त्या वेळचे संचालक नानाभॉय मूस यांनी शांत जागा शोधली आणि ती सापडली अलिबागला. 1904 मध्ये तिथे चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. आधी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापं घेतली, म्हणजे जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी यांचा सांधा नीट जुळावा.

ती वेधशाळा आजही अलिबागच्या किनाऱ्याजवळ काम करते. ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्य कार्यालयही आपल्याच जिल्ह्यात, पनवेलला आहे. कुलाबा-अलिबागच्या नोंदी जगातल्या सगळ्यात लांब पल्ल्याच्या नोंदींत धरल्या जातात. त्या साखळीच्या सुरुवातीच्या वर्षांत नागावचा एक पोरगा आकडे लिहीत बसला होता. त्याने मुंबईत ज्या कामाला हात लावला ते काम त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या गावाच्या शेजारी राहायला आलं.

घरी करून बघा

पालकांना एक विनंती. या सुट्टीत मुलांना घेऊन एक छोटा प्रयोग करा. पुस्तकांनी भरलेला शाळेचा डबा किंवा जाड खोका घ्या, त्याला दोरी बांधा, दोरीला रबर बँड. रबर धरून खोका फरशीवर हळूहळू ओढा. खोका हलायच्या क्षणी रबर किती ताणलं ते पट्टीने मोजा. सरकायला लागल्यावर किती राहिलं तेही मोजा. दुसरा आकडा कमी आला तर टिचकीचं होकायंत्र आठवा. मग खोका उभा करून ओढा. टेकलेली जागा कमी झाली तरी रबर जवळजवळ तेवढंच ताणलेलं दिसेल, कारण घर्षण मुख्यतः वजनावर आणि पृष्ठभागावर ठरतं, टेकलेल्या जागेवर नाही. आता खाली चार-पाच गोल पेन्सिली घाला आणि पुन्हा ओढा. आकडे मुलांनाच लिहू द्या, आणि ज्या भाषेत त्यांना सुचेल त्या भाषेत.

मुलगी असेल तर तिलाही बसवा, ती जेवण करायला आत आहे म्हणून वगळू नका. आकडा चुकला तर रागावू नका, पुन्हा मोजायला सांगा. केरूनानांनी दहा वर्षं तेच केलं होतं. आपल्याला कुठे जमणार, असं पुन्हा तोंडावर आलं तर नागावकडे बघा. पदवी देणारं विद्यापीठ नव्हतं, मराठीत धड शब्द नव्हते, तरी त्या गावच्या मुलाला जमलं. आपल्या मुलांच्या हातात तर आज पुस्तक आहे, भाषा आहे आणि दारात तोच समुद्र आहे.